जिभेला शाळेत घाला

‘भाकरीला चवच नसते.’ हे वाक्य हल्ली दहा वर्षांचं पोर बोलतं आणि शेजारी बसलेले आईबाप मान डोलावतात. त्या आईबापांना माझं सांगणं आहे : ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्याच वेळात गोडवा उतरतो. लाळेतलं अमायलेज पिठातला स्टार्च फोडून त्याची माल्टोज ही साखर करतं. भाकरी गोडच असते. पण ज्या जिभेवरून सकाळी क्रीमचं बिस्कीट, चार वाजता नूडल्सची मसाला पुडी आणि रात्री टोमॅटो सॉस गेला, तिला तो गोडवा कळणार कसा? डीजेच्या भिंतीसमोर तंबोरा ऐकू येत नाही.

दुसरं लाडकं वाक्य : ‘आवड काय, ज्याची त्याची उपजत असते.’ अर्धंच खरं आहे. गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा बाळ जन्मतःच घेऊन येतं. किती खारट म्हणजे बरोबर, हे मात्र ते घरातल्या ताटावर शिकतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माणसांना पाच महिने कमी मिठाचं जेवण घ्यायला सांगितलं. पुढे त्यांना सूप आणि खारी बिस्किटं कमी मिठाचीच आवडू लागली. १९८६ मध्ये उलटा प्रयोग प्रसिद्ध झाला. जेवणात जास्तीचं मीठ घालून खाणाऱ्यांची आवड वर चढली, पण ज्यांनी जास्तीचं मीठ गोळ्यांतून गिळलं, त्यांची आवड जागची हलली नाही. म्हणजे मीठ पोटात गेल्याने आवड बदलली नाही, ती बदलली जिभेवरच्या रोजच्या सवयीने. मग सवय लावणाऱ्यांनी, म्हणजे आपण मोठ्यांनी, उपजत आवडीच्या मागे लपू नये.

साखर जास्त चिवट आहे, हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साखर कमी केलेल्यांना तिसऱ्या महिन्यापर्यंत तेच पुडिंग पहिल्यापेक्षा बरंच गोड लागू लागलं, पण किती गोड आवडतं यात फारसा फरक पडला नाही. यातून मी एकच धडा घेते : नंतर सोडवत बसण्यापेक्षा दोन वर्षांच्या पोराच्या दुधात साखर घालूच नये.

‘पण साधं जेवण बेचव, त्याने समाधान होत नाही,’ हे तिसरं वाक्य. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हवं तितकं खायची मुभा दोन्ही वेळा होती आणि खाणाऱ्यांनी दोन्ही जेवणांना चवीचे गुणही जवळपास सारखेच दिले. तरी पाकिटातल्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले. बेचव म्हणून साध्या जेवणाला नावं ठेवायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

आपल्या पंगतीची मांडणी बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला, आणि तीही चिमूट-चमचाभर. तिखटमिठाची जागा ताटाच्या कडेला होती, आपण ती मधोमध आणून बसवली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं.

तेव्हा येत्या सोमवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून सुरुवात करा, आणि भाकरी थापायचं काम एकट्या आईच्या गळ्यात मारू नका. आमटीत मीठ थोडं कमी घाला. दुपारच्या भुकेला मूठभर भाजके शेंगदाणे, पेरू, काकडी द्या. ताक साखरेशिवाय प्या. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागेल, पोरं तोंड वाकडं करतील. तेव्हा मिठाच्या बरणीकडे धावू नका. जिभेला तीन महिने द्या.