दर चौरस फुटाची कला

२०१६ साली ‘स्वच्छ सर्वेक्षण’ सुरू झालं आणि आपल्या नगरपालिकांना कलेचा पाझर फुटला. पथक येणार म्हटलं की नाट्यगृहापासून मुतारीपर्यंत एक भिंत कोरी राहत नाही. विषय ठरलेले: झाड लावणारी मुलगी, गांधीजींचा चष्मा आणि वारली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. इथे वारलीतली माणसं ऑइलपेंटमध्ये घंटागाडीभोवती नाचतात. शेजारी सावंतवाडीचा गंजिफा असो की पिंगुळीची चित्रकथी, निविदेत वारलीच. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की झालं, असा बांधकाम विभागाचा सौंदर्यविचार!

स्थानिक चित्रकाराला दर मिळतो चौरस फुटाचा, बिल निघतं सवडीने. चित्राखाली सही करायची सोय नाही. नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सभापतींची नावं मात्र ठळक अक्षरांत. पथक परतलं की त्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो. गावातलं खरं टिकाऊ सार्वजनिक चित्र तेच. भाऊ दरवर्षी जन्मतात.

तेव्हा पुढच्या निविदेत दोनच अटी घाला: चित्रकाराची सही हवी आणि भिंतीवर खिळा नको.