पाच तारे आणि ४०८ किलो

उपनगरात लाकडाचा लेथ विकत घेणारे मोजकेच, पण लेथवर ठाम मत असणारे भरपूर. मुलुंड असो की बोरिवली, निवृत्तीनंतर कातकामाकडे वळलेला एक तरी गृहस्थ सोसायटीत असतोच. पटाशी एकच, तीही धार गेलेली. परदेशी मासिकांचे गठ्ठे मात्र माळ्यावर मावत नाहीत. पॉवरमॅटिक ३५२० म्हणजे २० इंच व्यासाचं लाकूड फिरवणारा आणि दोन टोकांमध्ये ३५ इंच लांबीचं धरणारा लेथ, कॅनडाचा वनवे २४३६ म्हणजे तसाच २४ आणि ३६, हे तो झोपेतही सांगेल. एवढं यंत्र ठेवायचं तर आधी पलंग विकावा लागेल, हे घरचे सांगतील.

ही विद्या येते मासिकातल्या तुलनात्मक परीक्षणांतून. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, हे धोरण आपल्या सरकारला सुचण्याच्या कितीतरी आधी परीक्षण लिहिणाऱ्या मंडळींनी राबवलं. पाच यंत्रं परीक्षेला बसतात आणि पाचही पास होतात. एक ‘सर्वोत्तम’, दुसरं ‘किमतीच्या मानाने सर्वोत्तम’, तिसरं ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम’. उरलेल्या दोघांची पानभर जाहिरात पुढच्याच पानावर असते, म्हणून ती ‘दणकट’. दोष काढायची वेळ आलीच, तर हँडलची मूठ थोडी मोठी हवी होती, इतपत.

मग येते नाण्याची कसोटी. लाकूड फिरवणाऱ्या टोकावर, म्हणजे हेडस्टॉकवर, नाणं कडेवर उभं करायचं, मोटर सुरू करायची, नाणं पडलं नाही की पाच तारे. यंत्र त्या वेळी रिकामं फिरत असतं. काम नसताना आमच्या सोसायटीची कार्यकारिणीही जराशी थरथरत नाही. पावसाळ्याआधीच्या छाटणीत रस्त्याकडेला पडलेला शिरीषाचा ओला, वेडावाकडा ओंडका चढवा, मग बोला. त्याची एक बाजू जड, एक हलकी. अशा वेळी कामाला येतं ते लेथचं वजन, तळाच्या लोखंडी बेडची जाडी आणि मिनिटाला शंभर फेऱ्यांच्याही खाली उतरणारा वेग. हलकं यंत्र ओंडक्यासकट बाल्कनीकडे चालू लागतं.

पण जड म्हणजे किती? वरचा पॉवरमॅटिक ३०० किलोंच्या पुढे जातो. आपल्या लिफ्टमध्ये पाटी असते : ६ व्यक्ती, ४०८ किलो. माणशी ६८. म्हणजे लेथ जवळपास साडेचार सभासदांच्या तोलाचा. तो लिफ्टमधून न्यायचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवलात, तर वॉरंटीची मुदत चर्चेतच संपेल. चुकून वर पोचलाच, तर ओतीव लोखंडाचा तो गुळगुळीत बेड मुंबईच्या जुलैत तेलाविना ठेवून पाहा. आठवडाभरात तांबूस होतो. परीक्षणाच्या तक्त्यात लिफ्टचाही रकाना नसतो आणि जुलैचाही.

जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागे जा. तिथल्या एखाद्या कारखान्यातल्या लेथचं कोणी परीक्षण केलेलं नाही. लोखंडी अँगल, जुनी मोटर, झिजलेला पट्टा. नाणं त्यावर उभं केलंत तर अंधेरीला जाऊन पडेल. कारागीर चौकोनी दांडा दोन टोकांत अडकवतो, टूलरेस्टवर गोल पटाशी टेकवतो आणि आवाज बदलला की हात बदलतो. छिलके कोपरापर्यंत साचतात. पलंगाचा पाय उतरतो. आधीच्या पायाशेजारी धरला तर फरक शोधत बसावं लागतं. कुठल्या कंपनीचं यंत्र, असं विचारलं की तो म्हणतो, “मोटर अजून जळली नाही, त्या कंपनीचं.” साऱ्या पाच ताऱ्यांपेक्षा या वाक्यात माहिती जास्त आहे.

परीक्षणाला आमचा विरोध नाही. फक्त परीक्षकाने यंत्र स्वतःच्या पैशाने घ्यावं, कंपनीने धाडलेलं नको. चार दिवसांऐवजी पाच वर्षं वापरावं. बेअरिंग गेल्यावर दुसरं नागदेवी स्ट्रीटला मिळालं की महिनाभर परदेशी पार्सलची वाट पाहावी लागली, तेही लिहावं. असं परीक्षण छापून येईल तेव्हा ते मॉडेल बाजारातून गेलेलं असेल आणि समोरच्या पानावर जाहिरात द्यायला कंपनीचा कोणी फिरकणार नाही. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसेल.