टाक्यांचा हिशेब

दोन सुयांवरच्या विणकामाला मुळात सुलट आणि उलट असे दोनच टाके पुरतात, आणि वर्षातून जेमतेम काही आठवडे गारवा लाभणाऱ्या मुंबईत स्वेटर विणायला घेणाऱ्या हौशी व्यक्तीचा आत्मविश्वास बहुधा याच साधेपणातून जन्मतो. नमुना, म्हणजे मूळ कामाआधी विणून पाहायचा वीतभर चौकोन, तिला वेळेचा अपव्यय वाटतो. परिणामी 10 सेंटिमीटरांत 22 टाके बसतील असे गृहीत धरून घेरासाठी 220 टाके घातले जातात, हात सैल असल्याने प्रत्यक्षात 20च बसतात, आणि 100 सेंटिमीटरांचा स्वेटर 110 सेंटिमीटरांचा होऊन घरातील सर्वांत धिप्पाड माणसाच्या वाट्याला जातो. (त्याचे मत विचारण्याची प्रथा नाही.) लोकर हमखास शेवटच्या बाहीत संपते, आणि नवा गुंडा त्याच रंगाचा असला तरी वेगळ्या खेपेत, म्हणजे निराळ्या वेळी रंगवलेला असल्याने कोपराखाली छटा बदलते, हिला कलात्मक योजना म्हणण्याची रीत आहे. सुटलेला टाका, म्हणजे सुईवरून निसटून ओळीओळींतून शिडीसारखा खाली उतरत जाणारा फास, वीस ओळी पुढे गेल्यावरच दिसतो. तो क्रोशाच्या सुईने एकेक ओळ वर ओढून घेता येतो, परंतु हौशी हात त्याआधीच सारे उसवून मोकळा झालेला असतो. एवढ्यात होळी उलटते, आणि स्वेटर पूर्ण होतो तेव्हा घरातला पंखा पाचवर असतो.