इंचीभाऊ

धाड गावात त्याला शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने हाक मारली तर तो स्वतःही वळून बघणार नाही. इंचीभाऊ म्हटलं की मात्र कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागून एक डोकं वर येतं. काउंटरमागे जमिनीवर एक लाकडी फळी टाकलेली आहे. ती युरियाच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून, असं तो सांगतो. पोती मात्र पलीकडच्या भिंतीला असतात.

इंचीभाऊची उंची 163 सेंटीमीटर. ही संध्याकाळची. सकाळी उठल्या उठल्या ती एखाद सेंटीमीटरने जास्त भरते, कारण रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभराच्या भाराने पुन्हा दबतात. हे शास्त्र त्याला भरतीच्या दिवसांत कळलं. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचं तर पुरुषाला 165 सेंटीमीटर लागतात. म्हणून मैदानी चाचणीच्या दिवशी हा गडी धाडहून बुलढाण्यापर्यंत टेम्पोच्या हौद्यात आडवा पडून गेला. सोबतच्या पोरांनी त्याला दोन्हीकडून धरून थेट मापाच्या पट्टीपाशी उभा केला. तरी पट्टी काही हलली नाही. बाकीची पोरं सोळाशे मीटर धावून दमली, हा न धावताच दमला.

तेव्हापासून तो माणसं मोजतो. समोरचा दुकानात शिरला की आधी त्याची उंची, मग नमस्कार. सचिन तेंडुलकरची उंची 165 सांगतात. ‘म्हंजे पोलिसात बसला असता,’ एवढीच पावती तो शंभर शतकांना देतो. लग्नाच्या फोटोत तो पायरी शोधतो, पायरी नसेल तर सगळ्यांना खाली बसवतो. आम्ही घाटावरचे, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडच्या घाटाखालच्या लोकांपेक्षा फुकटात उंच, अशी समजूत घालून बघितली. पण समुद्रसपाटीपासूनची उंची बायोडाट्यात लिहीत नाहीत, यावर तो अडून बसला.

मग त्याला मोबाईलवर रशिया सापडला. सायबेरियातल्या कुर्गानला गॅव्ह्रिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होऊन गेले, 1921 साली जन्मले आणि 1992 ला गेले. दुसऱ्या महायुद्धातून हातपाय मोडून आलेली माणसं त्यांच्यासमोर होती. हाड बेताने कापायचं, बाहेरून लोखंडी कड्या बसवायच्या, हाडातून आरपार तारा घालून त्या कड्यांना ताणून बांधायच्या, काही दिवस थांबायचं आणि मग दोन टोकं हळूहळू दूर सारायची. मधल्या फटीत शरीर आपलं आपण नवं हाड भरतं. वेग रोज एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. घाई केली तर फट रिकामी राहते, उशीर केला तर हाड आधीच जुळून बसतं. न जुळणारी हाडं, पोलिओने आखूड राहिलेला पाय, यांसाठी निघालेली ही विद्या. तिच्यामुळे कित्येक माणसं कुबड्या टाकून चालू लागली. आपल्या अकोल्यातही डॉ. मिलिंद चौधरींचं इलिझारोव्ह तंत्राचं केंद्र आहे. पुढे जगात कुणाच्या तरी लक्षात आलं, की धडधाकट पायसुद्धा असाच ताणता येतो. चीनने 2006 साली निव्वळ हौसेच्या अशा ऑपरेशनांवर बंदी घातली. 2016 साली हैदराबादेत एका तरण्या पोराने घरी न सांगता उंचीसाठी पायांची हाडं कापून घेतली, त्यावरून मोठा गोंधळ झाला.

इंचीभाऊने यातून एवढंच घेतलं, की पाच सेंटीमीटर म्हणजे पन्नास दिवस. ‘सोयाबीनले याहून जास्त लागतात,’ तो म्हणाला. बुलढाण्याच्या एका हाडाच्या डॉक्टरांनी त्याला उरलेला हिशोब सांगितला. पन्नास दिवस हे फक्त ताणायचे. नवं हाड पक्कं व्हायला दर सेंटीमीटरला महिना-दीड महिना धरा. हाड वाढतं, पण पोटरी आणि टाचेमागची शीर मागे रेंगाळतात, मग टाच उचलली जाते आणि माणूस चवड्यांवर चालतो. नसा ओढल्या जातात, तारांच्या भोकांत पू होतो, रोजचा व्यायाम चुकवता येत नाही. नडगी पाच-सहा सेंटीमीटर, मांडी सात-आठ, त्यापुढे धोका चढत जातो.

खर्च त्याने दहा लाख धरला आणि धाडमधल्या चलनात बदलून पाहिला. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे 188 क्विंटल. पाच सेंटीमीटरने भागले तर सेंटीमीटरमागे साडेसदतीस क्विंटल. ‘आन् हमीभाव भेटला तं,’ काउंटरवरचा एक शेतकरी म्हणाला.

इंचीभाऊ तरी डगमगला नाही. तो सरळ शिंपीमास्तरांकडे गेला.

‘मास्तर, पॅन्ट शिवाची. पाच सेंटीमीटर जास्त धरा. वर्षभरानं घालीन.’

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, त्याची नडगी मोजली, खडूने पुठ्ठ्यावर आकडा लिहिला आणि विचारलं, ‘बाही किती धरू?’

‘बाही हाय तेवढीच.’

‘छाती?’

‘तेवढीच.’

‘मुंढा तेवढाच, आसन तेवढंच. मंग बापू, वाढलं काय? निस्ता पायजमा!’ मास्तरांनी सुई मुद्दाम खाली टाकली. ‘उचल. आता याच्याहून पाच सेंटीमीटर खाली वाकाव लागीन, आन् हात तं वाढले नाहीत.’

मास्तर इयत्ता सातवी. पण हा हिशोब मूर्तिशास्त्राच्या पोथ्यांशी जुळतो. नवताल मूर्तीची उंची 108 अंगुळं. चेहरा बारा, मान चार, मानेपासून खाली बारा-बाराचे तीन भाग, मांडी चोवीस, गुडघा चार, नडगी चोवीस आणि पाऊल चार. इंचीभाऊचं एक अंगुळ दीड सेंटीमीटरचं. नडगीत पाच सेंटीमीटर घातले की चोवीसाची सत्तावीस अंगुळं होतात, आणि शेजारची मांडी चोवीसावरच. मांडी ताणली तर हात गुडघ्यापासून आणखी दूर, म्हणजे आजानुबाहू व्हायची उरलीसुरली आशाही संपली. साधारण माणसाने दोन्ही हात पसरले की ते उंचीएवढे भरतात. याचे उंचीपेक्षा तोकडे भरणार. त्याच पोथ्यांत गणपती पंचताल, डोकं मोठं आणि पाय आखूड. सगळ्या देवांआधी पूजा त्याचीच.

मास्तरांनी शेवटचा टाका घातला. ‘आन् पंगतीत बसला, का कोन विचारते? मांडी घातल्यावर तू आजच्याएवढाच. आपल्या गावात लग्न, तेरवी, भांडन, सोयरीक, सगळं बसूनच होते.’

ऑपरेशन मागे पडलं ते सोयरिकीमुळेच. भोकरदनकडच्या एका घरी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला. बायोडाट्यात उंची ‘5 फूट 6’ होती, खरी 5 फूट 4. वरच्या दोन इंचांची सोय बुटांत होती. पण ओटीवर चढायच्या आधी बूट काढावे लागतात, हे मोबाईलवरच्या एकाही डॉक्टराने सांगितलेलं नव्हतं. इंचीभाऊ मोज्यांवर चवडे टेकत आत गेला आणि सतरंजीवर चटकन बसला. नंतरचा दीड तास तो उठलाच नाही. पोहे आले, चहा आला, मुलगी आली. याने कण्यात जेवढी उंची होती तेवढी सगळी काढून दाखवली.

मुलीच्या मामांनी एकदाही वर बघितलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, ‘शेती किती?’

‘तीन एकर.’

‘बागायती का कोरडवाहू?’

‘कोरडवाहू.’

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलीने एकच विचारलं, पुण्याला जायचा विचार आहे का. उंचीचं कुणी काढलंच नाही, तेव्हा यानेच न राहवून सांगितलं, की आपण ती वाढवणार आहोत. ‘वाढवा ना,’ मामा म्हणाले, ‘निदान पाच एकर तरी करा.’

त्या दिवसापासून इंचीभाऊने टेप काउंटरच्या खणात टाकला आणि सातबारा हातात घेतला. आता तो मोजणीच्या खुणा आणि हद्दी बघत हिंडतो. आणि बघता बघता त्याला शोध लागला, की त्याचा शेजारी गेली कित्येक वर्षं कुर्गानचीच पद्धत वापरतोय. दर नांगरटीला बांध नांगराच्या एका तासाएवढा कोरायचा, थांबायचं, जुळू द्यायचं, पुढच्या हंगामात पुन्हा एक तास. कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि शेत अंगानं भरत जातं.

इंचीभाऊने तीच पद्धत उलट्या बाजूने सुरू केली आहे. या ऑपरेशनला दहा लाख लागत नाहीत. फक्त पायाऐवजी डोकी फुटतात, आणि जुळून यायला कोर्टात वीस वर्षं जातात.