नाव न घातलेली भांडी

मावशी सांगलीहून दिल्लीला आली की लाल किल्ला आणि कुतुबमिनार दीड दिवसात उरकतात, आणि मग माझी पंचाईत होते. एका मे महिन्यात निव्वळ एसीच्या ओढीनं मी तिला साकेतच्या मॉलमध्ये नेलं. तिथं किरण नाडर कलासंग्रहालयाच्या संग्रहातली, शिल्पकार सुबोध गुप्तांची 'लाइन ऑफ कंट्रोल' ही कलाकृती उभी होती.

अणुस्फोटाचा तो अळंबीसारखा ढग आपण फोटोत इतक्यांदा पाहिलेला असतो की आता त्याची भीतीसुद्धा वाटत नाही. गुप्तांनी 2008 मध्ये तो स्टीलच्या भांड्यांचा केला. पातेली, डबे, तांबे, ताटं, सगळा संसार सुमारे 10 मीटर वर उसळलेला. फोटोला आवाज नसतो. इथं मात्र आता काहीतरी घरंगळत खाली येणार, असं सारखं वाटत राहतं.

मी घसा खाकरला. गुप्ता मूळचे बिहारमधल्या खगौलचे, हे काम 2009 मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये मांडलं होतं... तोवर मावशी ढगाच्या देठाशी पोचली होती.

"पातेली हलकी आहेत रे. आहेरातली. एकदा दूध लागलं की संपलं."

"मावशी, हा अणुबॉम्ब आहे."

"असू दे. बुडाला जाडी नको?"

मग मी नावाचा अर्थ सांगितला. भारत-पाकिस्तान, ताबारेषा, दोन्हीकडे अण्वस्त्रं. तिनं मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"शेजारी म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच," ती म्हणाली. "पण म्हणून एवढं?"

या कलाकृतीवर मी दोन लांबलचक इंग्रजी लेख वाचले होते. दोन्ही लेखकांना ही म्हण ठाऊक नसल्यानं ते फार लांबून आले होते.

एव्हाना सुरक्षारक्षक अस्वस्थ झाला होता, कारण मावशी वाकून भांड्यांचे काठ तपासत होती. "एकावरही नाव घातलेलं दिसत नाही! म्हणून तर कोणीही उचलून नेतं. नंतर कुणाचं कुठलं, कसं सांगणार?"

संध्याकाळी ती चहा करायला माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि एकदम शांतता पसरली. मी धावत गेलो. तिनं ओट्यावरचं पातेलं उचलून काठ डोळ्यांजवळ धरला होता. तिथं टिंबाटिंबांच्या अक्षरांत तिचं नाव होतं, आणि खाली तारीख, 12-5-84.

"तिरकं करू नकोस," मी म्हणालो, "दूध आहे त्यात."