काकांची डोंबिवली स्लो

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या आणि पलीकडच्या इमारतीमधली भिंत छातीएवढी आहे. तिच्यावर आमच्या कढीपत्त्याची फांदी ओणवते. पलीकडच्या वहिनींना चार पानं तोडायला दोन मिनिटं पुरावीत. आम्हांला पाऊण तास लागतो.

"तुमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका लग्न करताहेत म्हणे!" परवा त्यांनी पान तोडायच्या आधीच सुरुवात केली.

"लग्न नाही," मी म्हटलं, आणि गप्प बसले. मला सगळं ठाऊक होतं. पण बातमी एका दमात देऊन टाकली तर भिंतीशी उभं कशाला राहायचं?

काका ७१ वर्षांचे. मंत्रालयातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा झब्बा, खांद्याला पुस्तकांची पिशवी. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. दोघांचे फोन रोज येतात, नाही असं नाही. "पण 'साखर किती आली?' याच्या पुढे गाडी सरकत नाही हो," काका म्हणतात.

सहा महिन्यांपूर्वी ते ज्येष्ठांच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले होते. मी शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा शुद्धलेखन तपासून द्या म्हणाले. लोक 'अपेक्षा'च्या रकान्यात सुस्वभावी, निर्व्यसनी, गृहकृत्यदक्ष असलं काहीबाही लिहितात. काकांनी लिहिलं होतं, 'गडकरी रंगायतनला मध्यंतरात बटाटावडा खाताना नाटकाबद्दल खरं बोलणारी.' मी एक वेलांटी सुधारली आणि बाकीचं तसंच राहू दिलं.

"आणि स्वयंपाक?" वहिनींनी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे की."

"म्हातारचळ! दुसरं काय? शारदेतला भुजंगनाथ!"

मराठी माणसाला म्हातारा नवरदेव म्हटला की हा एकच आठवतो. देवलांनी 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आणलं आणि भुजंगनाथाची अशी काही फजिती केली, की सव्वाशे वर्षं झाली तरी उतारवयात कोणी नवा झब्बा शिवला की आपण हसायला लागतो. अहो पण भुजंगनाथ कोवळ्या पोरीवर डोळा ठेवून होता, आणि तिचा बाप कांचनभट पैशासाठी तिला उजवायला निघाला होता. काकांनी पसंत केलेल्या या बाई ६४ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीला स्वतःच्या घरात राहतात, आणि बोलणी त्यांची त्यांनीच केली.

"चिंतामणराव देशमुखांनी नाही केलं?" मी विचारलं. आमच्या वडिलांना त्यांचं भारी कौतुक होतं, त्यामुळे लग्नाची तारीखही पाठ आहे: २२ जानेवारी १९५३. मूळचे रोह्याकडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. शिवाय हौसेनं मेघदूत मराठी पद्यात आणलेला रसिक माणूस. पत्नी निवर्तल्यानंतर त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि दुर्गाबाई ४३ वर्षांच्या. सरकारी नोकर तेव्हा ५५व्या वर्षी घरी बसत. दुर्गाबाई आंध्रच्या, घटना समितीत गाजलेल्या, तेव्हा नियोजन आयोगावर. लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर पंडित नेहरूंची. पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं, तेव्हा महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांचं लग्नाचं वय काही कोणी काढत बसलं नाही.

वहिनी वस्ताद आहेत. "मोठ्यांचं सोडा. त्यांना साक्षीला नेहरू. आपल्याकडे साक्षीला तुम्ही नि मी."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

काका तसे सरळ प्रकरण नाही, हेही सांगते. मेळाव्यात भेटलेल्या पहिल्या बाईंना त्यांनी तलावपाळीच्या बाकावर बसवून चाळीस मिनिटं बालगंधर्व ऐकवले. गायले नाहीत, नुसती माहिती दिली. त्या बाई परत दिसल्या नाहीत. दुसऱ्या बाई त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'अगदी बरोबर' म्हणायच्या, म्हणून काकाच कंटाळले. तिसऱ्या या डोंबिवलीच्या. सगळं ठाणे ज्या नाटकाची वाहवा करत होतं, त्याच्याबद्दल वड्याचा पहिला घास घेतल्याबरोबर म्हणाल्या, "वीस मिनिटं कापायला हवं होतं." काका त्या रात्री जिना चढताना गुणगुणत होते. मी दार किलकिलं करून ऐकलं.

"मग लग्न का नाही?" वहिनींनी पानं पदरात टाकली.

आता खरी गोम. मृत्युपत्र नसलं तर काकांचा फ्लॅट मुलाला आणि मुलीला अर्धा-अर्धा. लग्न झालं की हिंदू वारसा कायद्यानं नवी बायकोही बरोबरीची वाटेकरी. म्हणजे अर्धा जाऊन तिसरा हिस्सा. मुलगा फोनवर 'लोक काय म्हणतील' म्हणाला. लोक म्हणजे चौरस फूट, हे काकांना लगेच कळलं. तिकडे बाईंचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या पश्चात मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन बाईंनी पुन्हा लग्न केलं की बंद. "एका सहीसाठी हक्काचे पैसे का सोडू?" त्या म्हणाल्या. बाई हिशेबाला पक्क्या आहेत, आणि मला त्या तिथेच आवडल्या.

पुण्यात माधव दामल्यांनी २०१२ साली ज्येष्ठांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ काढलं, ते काही उगीच नाही. पैसा, घर, मुलं यांची गाठ न सोडवता सोबत हवी असलेली माणसं बरीच असणार. फक्त लग्नाशिवायच्या जोडीदाराला वारसा आपोआप मिळत नाही, जे द्यायचं ते लिहून ठेवावं लागतं. काकांनी वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र केलं. फ्लॅट मुलांना, ग्रामोफोनच्या तबकड्या बाईंना. मुलाचा विरोध आठवड्यात मावळला.

"आणि नोंदणी पद्धतीनं लग्न केलंच असतं," मी म्हटलं, "तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागली असती."

"तीस दिवस भिंतीवर!" वहिनींना खरोखर हळहळ वाटली.

तर आता शुक्रवार ते रविवार बाई इथे, आणि मंगळवारी काका तिकडे. बोरीबंदरहून आगगाडी १८५३ साली ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. आमच्या काकांना डोंबिवलीला उतरायला ७१ वर्षं लागली. मुद्दाम दुपारची स्लो पकडतात, बसायला मिळतं म्हणून. एरवी दोघांचं जोरदार भांडण चालू आहे: नाटक गडकरीला बघायचं की डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात. वड्यावरून काका हटायला तयार नाहीत, आणि बाई म्हणतात, वडा खायला जायचं की नाटक बघायला?

माझं मत विचाराल तर काकांनी ठीक केलं. बाईंनी त्याहून शहाणपणाचं केलं.

वहिनी गेल्या. दोन मिनिटांनी परत भिंतीशी आल्या. आणखी पानं हवी असतील असं मला वाटलं.

"रविवारच्या नाटकाला तुम्ही जाताय ना त्यांच्याबरोबर?" त्यांनी हळूच विचारलं. "माझंही एक तिकीट काढा. मला त्या बाईंना जवळून बघायचंय."

पाच तिकिटं काढली आहेत. वड्यांच्या रांगेत आमचे हे उभे राहणार.