पाहिजे : पानं न गाळणारं झाड

प्रति,
चि. आदर्श वृक्ष,
मुक्काम : बहुधा कुठेच नाही

स.न.वि.वि.

पुण्याच्या उपनगरातली एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आपल्यासारख्या स्थळाच्या शोधात आहे. अपेक्षा फार नाहीत. सावली दाट असावी, पण चौथ्या मजल्यावरच्या पापडांचं ऊन अडता कामा नये. पान म्हणून गाळायचं नाही. खाली गाड्या असतात. फुलं चालतील, पडलेली चालणार नाहीत. पक्ष्यांनी यावं, गावं आणि काहीही न करता जावं. शिवाय दोन वर्षांत तिसरा मजला गाठावा. बाकी मुलीकडच्यांची इच्छा.

स्थळं बरीच येऊन गेली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण इतका रुळला की अनेकांना तो इथलाच वाटतो. मे महिन्यात त्याच्या रूपाला तोड नाही. मुळं मात्र उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या एका वावटळीत फांदी नेमकी नव्या गाडीवर येते. नकार. (इमारतीला खेटून लावायचा असेल तर हा एक नकार तेवढा रास्त होता.) आंबा राज्यवृक्ष, म्हणजे घराणं मोठं, पण पोरं दगड मारणार आणि काचा फुटणार. उंबराखाली फळांचा सडा, वर वटवाघळं. नारळाची तर गोष्टच वेगळी. गोव्यात 2016 साली कायद्याच्या व्याख्येतून त्याचं झाडपण काढून घेतलं आणि 2017 मध्ये परत दिलं. ज्याच्या जातीबद्दल सरकारचंच नक्की होत नाही, त्याची पत्रिका कोण जुळवणार?

एक सोयरीक मात्र झाली. कुंपणालगत अशोकाची रांग लागली. सीता बसली ती याच झाडाखाली, असं अध्यक्षांनी वार्षिक सभेत सांगितलं. वास्तविक तो आसुपालव, खोटा अशोक : सरळसोट, पानं खाली सोडलेली, मिटलेल्या छत्रीसारखा. सीतामाई खरोखर त्याच्याखाली बसली असती तर रामायणात उन्हाळी लागल्याचा एक सर्ग वाढला असता. केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर फुलवणारा सीताअशोक निराळा. त्याचा घेर गोल, सावली गर्द; पण तो सावकाश वाढतो आणि कमिटीची मुदत पाच वर्षांची. बकुळही याच कलमाखाली बाद झाली. ताम्हण बेताच्या उंचीचं, उन्हाळ्यात जांभळं होऊन जाणारं, वर राज्यफुलाचा मान. ते थंडीत पानं गाळतं हे कळताच बैठक उठली.

मग कोनोकार्पस आला. मूळचा अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरचा, खाऱ्या दलदलीत वाढलेला. बारमाही हिरवा, झपाट्यानं वाढणारा, कातरून भिंत करावी तर भिंत. तोंडात बोट घालावं असा गुणी मुलगा! शेजाऱ्यांकडे मात्र चौकशी करायची राहिली. तेलंगणानं 2022 मध्ये आणि गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागांमुळे सर्दी-खोकला-दम्याचा त्रास आणि जमिनीखालच्या केबल, ड्रेनेजच्या वाहिन्यांत घुसणारी मुळं, ही गुजरात वनविभागानं दिलेली कारणं. पानांचा केर नको म्हणून आणलेला जावई गटारात शिरला तर बोलणार कोणाला?

आपल्या स्वागताची तयारी जय्यत आहे. माळीबुवा तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मागत होते. कुदळीच्या चार घावांत काम आटोपलं. रोप सहा फुटी आणलंय, फोटोत दिसायला हवं. पिशवीत त्याची मुळं गोल गोल फिरून चुंबळ झालीत, पण पिशवी काढायला वेळ नव्हता. आधाराच्या काठीला तार आवळून बांधली आहे. खोड जाड होऊ लागेल तशी ती सालीत रुतेल, तेव्हाचं तेव्हा पाहू. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली, पण हे पुणं आहे. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीतच पसरतात म्हणे. तिथूनच परवा केबलचा चर गेला.

पटलं नाही तर काडीमोड जरा अवघड आहे. राज्याच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यातच येतं. त्यामुळे बुंध्याला भोक पाडून हिंग भरायचा घरगुती उपाय सुचवणारे काका हल्ली आवाज खाली आणून बोलतात. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेल्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. आपण पन्नाशी गाठाल अशी भीती सोसायटीला तूर्त वाटत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सोसायटी (नोंदणीकृत)

ता. क. : पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, असं माळीबुवांचं म्हणणं. मार्चपासून इथे टँकर लागतात. तरी पावसाळ्यातच पोटभर पिऊन घ्यावं आणि येताना थोडी माती सोबत आणावी. इथली ब्लॉकखाली आहे.